गाडीचा धर्मबाप

आमच्या कोचाबांबाच्या शोरूममध्ये गाडी घेताना लोक जेवढा विचार करत नाहीत, तेवढा विचार आमचे साहेब माणूस घेताना करतात. मी काउंटरवर बसते. येणाऱ्या उमेदवाराला पाणी देते आणि आत पाठवते. बाहेर येताना तेच पाणी त्याच्या कपाळावर आलेलं असतं.

माएस्त्रो सेनोबियो आयाविरी आमच्याकडे तीनदा मुलाखतीला आले. बसवाल्याला इथे सगळेच माएस्त्रो म्हणतात. आयुष्यभर त्यांनी ओरुरोच्या घाटात बस चालवली, आणि कंपनी बुडाली तेव्हा पन्नाशी उलटलेली. तेव्हापासून घर चालायचं ते त्यांच्या बायकोच्या, सातुर्निनाच्या, शिलाई मशीनवर. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. दुःख होतं मेहुण्याचं. हा विल्फ्रेदो दर रविवारी जेवायला यायचा आणि बहिणीच्या घरचं हाणता हाणता यांना म्हणायचा, "घ्या की दाजी अजून, लाजता काय? कमावतेय माझी बहीण!" पगाराची नोकरी मिळवून या माणसाचं तोंड एकदाचं बंद करायचं, एवढीच माएस्त्रोंची महत्त्वाकांक्षा होती.

सेल्समनच्या जाहिरातीत पहिलीच अट होती, उमेदवाराकडे स्वतःची गाडी हवी. आमचे मॅनेजर उर्किदी साहेब, त्यांनी पहिल्या मुलाखतीत तेच विचारलं, "तुमची गाडी कुठंय?"

"साहेब, गाडी असती तर ती चालवून पोट नसतं भरलं? गाड्या तुमच्याकडे आहेत, म्हणून तर आलो."

साहेबांनी ‘उद्धट’ असा शेरा मारला.

दुसऱ्या खेपेला सांताक्रूसच्या मुख्य कचेरीतून मनाची परीक्षा आली. पावसात उभा असलेला माणूस काढायचा. छत्री काढली तर उमेदवार संकटाला तयार, नाही काढली तर कच्चा, असं त्यात शास्त्र आहे म्हणे. माएस्त्रोंनी खूप वेळ खपून एक झकास मिनीबस काढली, अगदी वायपरसकट, आणि आत स्टिअरिंगवर एक ठणठणीत कोरडा माणूस.

"छत्री कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"बसमध्ये छत्री उघडली तर मागचे पॅसेंजर शिव्या घालतील, साहेब."

यावर ‘संकटापासून पळतो’ असा निष्कर्ष निघाला. तरीही साहेबांनी त्यांना तिसऱ्यांदा बोलावलं. साहेबांचं मन मोठं वगैरे काही नाही. कचेरीला यादीत तीन नावं दाखवायची होती आणि दोनच जमली होती.

त्या दिवशी माएस्त्रो इस्त्रीचा कोट घालून आले, तर अंगणात गाडीच्या चाय्याची, म्हणजे नव्या गाडीवर बिअर शिंपडून करायच्या पूजेची, धांदल. बटाट्याच्या घाऊक व्यापारी प्रिमितिवाबाई, त्यांनी मुलासाठी नवी मिनीबस घेतली होती. बॉनेटवर पाकळ्या, आरशांना कागदी झिरमिळ्या, बाजूला बिअरचे क्रेट, सगळा गोतावळा हजर. नव्हता फक्त गाडीचा धर्मबाप. तो रास्ता रोकोत अडकला होता. आणि धर्मबापाच्या हातची बिअर चाकांवर पडल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाईल कशी? बाईंची नजर काउंटरपाशी बसलेल्या कोटावर गेली.

"ए माएस्त्रो, बसवाल्याचेच हात दिसतायत तुझे. ऊठ, हो माझ्या गाडीचा धर्मबाप!"

याला नाही म्हणायची आमच्यात सोय नाही. माएस्त्रो उठले. बिअरची पहिली धार पाचामामेला, म्हणजे धरणीमातेला, जमिनीवर. मग चारी चाकांवर. मग बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "रस्ता तुला ओळखू दे, दरी तुला विसरू दे." प्रिमितिवाबाईंनी शालीने डोळे पुसले.

यानंतर धर्मबाप सगळ्यांचा कोम्पाद्रे, म्हणजे घरचाच माणूस होतो, आणि त्याला प्यावं लागतं. एकेक नातेवाईक ग्लास घेऊन यायचा, "चला कोम्पाद्रे, तळ दिसू दे!" आणि बाईंना नातेवाईक भरपूर. उर्किदी साहेबांनीही ग्लास रिचवला आणि फोटोत पुढे उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी मुलाखत सुरू केली.

"पिऊन मुलाखतीला येता?"

"साहेब, आपण एकाच बाटलीतली प्यायलो."

"मी संस्थेचा प्रतिनिधी म्हणून प्यायलो," साहेब म्हणाले. मिशीला अजून फेस होता. "ठीक आहे. कळवू तुम्हाला."

नोकरी साहेबांच्या भाच्याला लागली. त्याने चित्रात दोन छत्र्या काढल्या होत्या. माएस्त्रोंना मात्र कोणी काही कळवलं नाही, त्यामुळे त्यांच्या घरी रोज फोनची वाट पाहणं सुरू होतं.

इकडे भाच्याच्या हाताला नुसता घाम. एका चाय्याला त्यालाच धर्मबाप केला, तर बाटलीचं झाकण उघडताना त्याने बिअर स्वतःच्याच बुटांवर सांडली आणि त्या बाईने अपशकुन म्हणून गाडी न नेता तशीच उभी ठेवली. शिवाय प्रिमितिवाबाईंच्या मिनीबसचा धंदा जोरात चालला होता, त्यामुळे मंडईतल्या बायका येऊन विचारायला लागल्या, "ते कोटवाले धर्मबाप मिळतील का हो?"

साहेबांनी मला हुकूम सोडला, "रोक्साना, त्या माएस्त्रोला फोन लाव. शनिवारी येऊ दे. पगारबिगार काही बोलू नकोस."

रविवार होता, जेवणाची वेळ. फोन विल्फ्रेदोने उचलला. मी शोरूमचं नाव सांगितलं, तशी मागची चमच्यांची खडखड थांबली.

"बोल पोरी," माएस्त्रो म्हणाले. आवाजात इतकी आशा होती की मला फोन ठेवून द्यावासा वाटला.

"नोकरीचं नाही, माएस्त्रो. ती केव्हाच गेली, साहेबांच्या भाच्याला. शनिवारी एका गाडीला धर्मबाप हवाय. फुकट."

मागून विल्फ्रेदो विचारत होता, "काय म्हणतायत दाजी? लागली का?"

मला साहेबांचा असा संताप आला! "नाही म्हणा, माएस्त्रो," मी म्हटलं. "मी सांगते, फोन लागला नाही म्हणून."

"नको गं," ते हळूच म्हणाले. "येतो मी. त्यात त्या गाडीचा काय दोष?"