लतीफभाईंचा कान

काल सायकलची चेन धुवायला मुलाने कुठूनसं रॉकेल आणलं आणि त्या वासासरशी मी सत्तरच्या दशकातल्या चिंचवडच्या आमच्या टेस्ट रूममध्ये जाऊन पोचले.

तिथे आम्ही फ्लो मीटर तपासायचो. पाइपच्या पोटात पात्यांचं छोटं चक्र असे. रॉकेल वाहू लागलं की ते फिरे, प्रत्येक पातं चुंबकासमोरून गेलं की एक ठोका पडे, आणि त्या ठोक्यांवरून प्रवाह किती, ते माझ्यासमोरचा काटा दाखवी. चक्र कुठे अडखळतंय का, हे मात्र आमचे फिटर लतीफभाई ऐकून सांगत. स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपला, मूठ कानाला.

एका दुपारी ते तसेच बराच वेळ उभे राहिले.

"ताई, व्हॉल्व्ह उघडला न्हाई का?"

चक्राची शीळ मला खुर्चीतून ऐकू येत होती. "उघडलाय, लतीफभाई."

त्यांनी दुसरा कान लावला. मग पाइपवर तळहात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. आमच्याकडे येण्याआधी अर्धं आयुष्य त्यांनी प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात काढलं होतं.

"चालू हाय की," ते पुटपुटले.

मोठ्याने बोलावं तर त्यांना लागेल, हळू बोलावं तर ऐकूच जाणार नाही.

पुढे त्यांना पॅकिंगला टाकलं. त्या दुपारी दोन शब्द बोलायला हवे होते, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. आता मलाच कमी ऐकू येतं, आणि कळतं की तसे शब्द नव्हतेच. तेव्हा मी फक्त उठून व्हॉल्व्ह बंद केला. लतीफभाई पाइपवर हात ठेवून उभे होते, आतली थरथर पुरती थांबेपर्यंत.