मी ढिगाऱ्याखाली नव्हतेच

हे सांगायला बसले की आजही माझ्या जिभेला धीर राहत नाही. ऐकणारे म्हणतात, बाई, जरा सावकाश. पण सावकाश सांगण्यासारखी गोष्टच नाही ही. माझ्या आत्म्याचं तारण झालं त्या दिवसाची गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात माझ्या एका सणसणीत खोटेपणापासून होते.

मी मुदखेडची. वडील रेल्वेत, घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. किल्लारीच्या भूकंपानंतर तीन-चार वर्षांनी मला बारावीसाठी लातूरला आणून सोडलं. तेव्हा लातूरला नुसती झुंबड होती. गल्लीगल्लीत क्लास, एकेका खोलीत चार-चार पोरी, आणि दर सोमवारी क्लासच्या दारावर नंबर लागायचे. मी पहिल्या दहात असायचे. अकराव्या नंबरावर गेले की मला जेवण जायचं नाही, इतकी मी नंबराची हावरी होते.

रविवारी मात्र चर्चमधल्या उपासनेला जायचे. मंडळी छोटी, वर पत्रे, खाली सतरंजी, बायका एका बाजूला. तिथं साक्ष द्यायची पद्धत होती. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. आणि एकेकाची साक्ष काय विचारता. कुणी भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेला, कुणी दारू सोडून माणसात आलेला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ख्रिस्ती घरात जन्मले, संडे स्कूलला जात होते, वचनं तोंडपाठ आहेत. मंडळी आमेन म्हणाली, पण पोटातून नाही. इथं आपला नंबर शेवटचा लागला, असं वाटून माझं डोकंच फिरलं.

पुढच्या महिन्यात उभी राहिले आणि दिलं ठोकून. म्हणे, भूकंपाच्या आदल्या दिवशी मी किल्लारीकडं पाहुणी गेले होते, दगडी भिंत अंगावर आली, दिवसभर मातीखाली होते, प्रभूला हाक मारली आणि त्यानं मला वर काढलं. खरं म्हणाल तर त्या पहाटे मी मुदखेडला गाढ झोपेत होते. मांडणीवरचा एक तांब्या पडला, तोही आईनं सांगितला म्हणून कळलं. पण मंडळी रडली हो. पत्रे हलतील असा आमेन झाला. मी पहिला नंबर आल्याच्या तोऱ्यात खाली बसले.

उपासना सुटली आणि एका बाईनं माझा हात धरला. सगळे तिला मावशी म्हणायचे. बालवाडीत खिचडी शिजवायची. भूकंपात तिची लेक गेली होती, बरोबर माझ्याच वयाची. तिनं मला ओसरीच्या कोपऱ्यात नेलं आणि हळूच विचारलं, "बाई, मला एकच सांग. आत लई दुखतं का गं? जीव घुसमटतो का?"

आता काय सांगायचं? मी म्हटलं, "न्हाई मावशी, दुखत न्हाई. गुंगी येते. कुणीतरी जवळ बसल्यागत वाटतं." तिनं पदर तोंडाला लावला. मग दर रविवारी तेच. ती विचारायची, मी सांगायचे, आणि दर वेळी थोडं वाढवूनच. ती म्हणायची, तुझ्यामुळं मला झोप लागून राहिली. माझ्यासाठी फडक्यात धपाटे बांधून आणायची. मी निर्लज्जासारखे ते खाल्ले, वर दही पण मागितलं.

मग तो रविवार आला. आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला. त्याआधी पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, थांबून सांगायचे. कुणाचं कुणाशी वाकडं असेल त्यानं ओसरीत जाऊन मिटवून यावं, मगच जेवावं. दर वेळी कुणीतरी दोघी जावा उठून जायच्या आणि आम्ही पोरी खुसूखुसू हसायचो. त्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, ख्रिस्त पाप्यांसाठी मेला. हजारदा ऐकलेलं वाक्य. पण त्या दिवशी ते सरळ छातीत शिरलं. पापी म्हणजे कुणी दारुडा, असं मी धरून चालले होते. पापी मी होते, दही मागणारी. मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्यातच इतका आनंद झाला की काय सांगू, कारण मी पापी, तर मग तो माझ्यासाठीच आला होता की.

मी उठले आणि मावशीला जवळजवळ ओढतच ओसरीत नेलं. एका दमात सांगून टाकलं. "मावशी, मी ढिगाऱ्याखाली नव्हतेच. मुदखेडला होते. आत काय वाटतं ते मला काही माहीत न्हाई."

तिनं एक ठेवून दिली. कान बधिर झाला. "माझ्या लेकीच्या मरणाशी खेळून राहिली होतीस?" एवढं म्हणून ती मटकन खाली बसली आणि अशी रडली की आतलं गाणं थांबलं. मला पळून जावंसं वाटलं, पण तिथंच उभी राहिले. मी तिला खोटी झोप दिली होती आणि आता तीही हिसकावून घेतली होती. हे भरून द्यायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

आत वेदीच्या कठड्याकडं ओळी जायला लागल्या. मावशी उठली, पदरानं तोंड पुसून आत निघाली. दारात वळली.

"तिथं काय करून राहिली? चल."

"मी कशी येऊ, मावशी?"

"लई राग हाय मला," ती म्हणाली. "आज जायचा न्हाई, उद्याबी न्हाई. पण प्रभूच्या पंगतीला तू उपाशी राहिलीस तर मला घास उतरायचा न्हाई." आणि मनगट धरून मला घेऊन गेली.

आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकले. गालाची नुसती आग होत होती, आणि मला हसू नि रडू एकदमच फुटत होतं. तसा आनंद मला मेडिकलला नंबर लागला तेव्हाही झाला नाही. पाळकसाहेबांनी तिच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला. तिनं तो तोंडात घातला नाही. माझ्या हातावर तुकडा येईपर्यंत थांबली, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "माझी पोर आत एकटी होती का गं?"

"मला माहीत न्हाई, मावशी."

"मलाबी न्हाई," ती म्हणाली. "त्याला माहीत असंल."

आणि आम्ही दोघींनी खाल्लं.