शेरा: समाधानकारक

त्या कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या भरल्या जात, आणि भरलेली प्रत्येक बाटली माणसाच्या डोळ्यांखालून जावी लागे. यंत्रं होती, पण केसाएवढा काचेचा कण कोणता आणि हवेचा बुडबुडा कोणता, हे यंत्राला दर वेळी कळत नसे. म्हणून तपासणी विभागात सोळा माणसं उजेडाच्या सोळा पेट्यांसमोर बसत. पेटीची अर्धी पाठ काळी, अर्धी पांढरी. बाटली उलटी करायची, काळ्यासमोर पाच सेकंद, पांढऱ्यासमोर पाच सेकंद, मग ट्रेमध्ये. वीस मिनिटं झाली की डोळे मिटून बसायचं, तेही घड्याळ लावून. नव्या माणसाला पहिले आठ दिवस झोपेतही बाटल्याच दिसत.

ती या विभागाची सुपरवायझर. तिच्याहून मोठी माणसंही तिला ताई म्हणत. आठ वर्षं ती स्वतः पाचव्या पेटीवर बसली होती, मग बढती मिळून अकरा वर्षं उभी होती. बढतीचं पत्र आलं त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त चौथ्या पेटीवरच्या वकिलाने तोंड वाकडं केलं.

"ताई, सही करू नकोस. बसून काम करतो त्याला कायदा कामगार म्हणतो. उभं राहून दुसऱ्याचं काम बघणाऱ्याला काहीच म्हणत नाही."

"तुमच्या पोटात दुखतंय, वकीलदादा," ती हसत म्हणाली होती, आणि तिने सही केली.

वकील काही खरा वकील नव्हता. दहावी झाल्याबरोबर कामाला लागलेला माणूस. पण नोकरीच्या कायद्याची कलमं त्याला पाढ्यांसारखी पाठ. कुणाची रजा कापली, कुणाला विनाकारण दुसऱ्या पाळीत टाकलं, की लोक आधी त्याच्याकडे जात. चहाच्या सुट्टीत तो बाकावर मांडी घालून बसे आणि निकाल देत असे. आता पन्नाशी उलटली होती. हल्ली दाढी करताना गालाखालचा एक पट्टा रोज राहून जायचा. बायका त्याला चिडवत, "वकीलसाहेब, एवढी शेती कुणासाठी राखलीय?"

दर महिन्याला प्रत्येक माणसाची परीक्षा असे. त्याच्या ट्रेमध्ये वीस खराब बाटल्या गुपचूप मिसळत. विभागातली माणसं त्यांना 'चोर' म्हणत. वीसपैकी अठरा चोर पकडले की पास. वकिलाचे चोर काही वर्षांपासून सुटू लागले होते, पण कागदावर ते दिसत नसे, कारण विभागात एक रीत होती. ज्याची नजर त्या दिवशी लागत नाही, त्याचा ट्रे शेजारचा माणूस पुन्हा एकदा बघून टाकी. कुणाचं मूल तापाने फणफणलेलं असे, कुणाला रात्रभर झोप नसे. आज तुझा ट्रे, उद्या माझा. वकिलाचा मात्र रोजच बघावा लागे. तेही कुणी बोलून दाखवलं नाही. त्याने कितीतरी जणांच्या नोकऱ्या वाचवल्या होत्या.

ताईला हे माहीत होतं. आणखीही एक माहीत होतं. दवाखान्यातला डोळे तपासायचा तक्ता वर्षानुवर्षं तोच होता, सगळ्यांना अक्षरं पाठ. चार वर्षांपूर्वी तपासणीच्या रांगेत ती वकिलाच्या मागेच उभी होती. डॉक्टरची काठी चौथ्या ओळीवर होती आणि वकील सहावी ओळ खणखणीत म्हणत होता. ती चारदा खोकली. तो थांबला, चौथी ओळ म्हणाला, आणि पास झाला.

वर्षअखेरीला तिने त्याच्या अहवालात नेहमीचाच शेरा लिहिला. समाधानकारक. ती सोळाही जणांना तोच देई. तिच्या आधीचा सुपरवायझर तोच देई. शेरा काय, सही करायची जागा रिकामी राहू नये म्हणून.

मग कंपनीने नवीन ट्रे आणले. बंद झाकणाचे, प्रत्येकावर बसणाऱ्याचा क्रमांक. शेजाऱ्याला हात लावता येईना. पुढच्या परीक्षेत वकिलाने वीसपैकी नऊ चोर पकडले, आणि दोन महिन्यांनी परदेशातल्या एका इस्पितळाने एक बाटली परत पाठवली. आत काचेचा कण होता. नर्सने वेळेत पाहिला म्हणून बरं. ट्रेचा क्रमांक चार.

पर्सोनेलच्या साहेबाने तिला खोलीत बोलावून पडद्यासमोर बसवलं. वयाने तिच्या धाकट्या भावाएवढा, नखं खाणारा. पडद्यावर कंपनीच्या बाकीच्या कारखान्यांची माणसं होती, निरनिराळ्या देशांतली, आणि मधल्या चौकटीत मोठे साहेब. त्यांचा प्रश्न एकच होता. हा माणूस अजून तिथे का आहे?

"आमच्याकडे असता, तर शुक्रवारी निरोप आणि सोमवारी पेटी रिकामी," एकजण म्हणाला.

"आमच्याकडे आधी कामगारांच्या समितीला विचारावं लागतं," पांढऱ्या केसांची एक बाई म्हणाली. "मग कोर्ट विचारतं, त्याला नीट शिकवलंत का, दुसरीकडे बसवून पाहिलंत का. दोन वर्षं जातात. म्हणून आम्ही माणूस घेतानाच दहादा बघतो."

तिसरा हसला. "आमच्याकडे कायमचं कुणी नाहीच. करार संपला की माणूस संपला."

साहेबाने आपल्याकडची पद्धत सांगितली. तीन लेखी ताकिदी, प्रत्येकीनंतर सुधारायला महिना, मग बाहेरच्या अधिकाऱ्यापुढे चौकशी. पडदा बंद झाल्यावर तो खुर्चीत मागे रेलला. "आपलं म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हे त्यांच्या भाषेत कसं सांगायचं, ताई?"

तिला हसू आलं नाही. साहेबही हसला नाही. "त्यांना तुमच्या विभागातली एक खुर्ची कमी झालेली दिसायला हवीय. वकिलाची नाही झाली तर..."

"तर?"

"तुमच्या खुर्चीला चौकशी लागत नाही."

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो गोदामात होता, दर अकरा महिन्यांनी नवा करार. गेल्या वर्षी बारावा महिना उजाडला आणि करार आलाच नाही. त्याला कुणी काढलं नव्हतं, त्यामुळे भांडायला कुणी समोरच नव्हतं. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. घर ताईच्या एका नोकरीवर उभं होतं.

"मग लिही ताकीद," नवरा म्हणाला. "तो तुझा कोण लागतो?"

परदेशी असलेल्या भावाला तिने फोन केला. त्याला तीन वर्षांत दोनदा काढलं होतं, एकदा तर जेवणाच्या सुट्टीत. "ताई, इथे काढतात पटकन, पण घेतातही पटकन. तुमच्याकडे काढता येत नाही म्हणून कुणी घेतच नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी तुला कोण घेणार? असलेलं घट्ट धर."

पहिली ताकीद लिहायला तिला चार कागद लागले. वकिलाने तो कागद डोळ्यांच्या कडेला धरून बघितला, मान तिरकी करून, आणि परत दिला.

"तारीख कुठेय? तारखेशिवाय ताकीद म्हणजे पोस्टकार्ड. उद्या मी म्हणेन, मिळालीच नाही."

तिने तारीख घातली. त्याने सही केली.

दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "'निष्काळजीपणा' काढ. तो सिद्ध करावा लागतो. 'वीसपैकी आठ' एवढंच लिही. आकड्याशी कुणी भांडत नाही."

"वकीलदादा, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात हो?"

"कागदाच्या," तो म्हणाला. "काढायचंच तर नीट काढा. मला चुकीच्या कागदाने काढलेलं नाही चालायचं." मग हळू आवाजात, "सात वर्षं राहिलीत गं माझी. तेवढी निघाली असती."

तिसरी ताकीद त्याने हातात घेतलीच नाही. "वाचून दाखव. चष्मा घरी राहिला."

चष्मा त्याने जन्मात वापरला नव्हता. तिने वाचलं. पेट्यांसमोरचे पंधरा जण बाटल्या वर धरून बसले होते, पण पाच सेकंद संपले तरी एकाचाही हात खाली आला नाही.

चौकशीला एक निवृत्त न्यायाधीश बाई आल्या. जेवणाच्या हॉलशेजारची खोली, टेबलावर पाण्याचा तांब्या, भिंतीवर 'आग लागल्यास काय करावे' अशी पाटी. वकिलाला सोबत कुणीतरी आणायची मुभा होती. "मीच वकील," तो म्हणाला आणि एकटा बसला. बगलेतून त्याने एक पाकीट काढलं आणि अकरा कागद बाईंपुढे सरकवले. अकरा वर्षांचे अहवाल. प्रत्येकाखाली ताईची सही.

बाईंनी एकेक कागद उलटला. "समाधानकारक. समाधानकारक. समाधानकारक." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे अक्षर तुमचं?"

"हो."

"मग तेव्हा खोटं लिहिलंत, की आता लिहिताय?"

साहेब नखं खायचा थांबला. ताईने वकिलाकडे पाहिलं. तो तिच्या दिशेने बघत होता, पण त्याची नजर तिच्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी होती. त्याने ते अहवाल तिला खाली ओढायला आणले नव्हते. त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतंच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनेच खणलेली.

ती खरं बोलली. पण सत्याची चाड होती म्हणून नव्हे. ते इस्पितळही तेव्हा तिच्या मनात नव्हतं. तिला नोकरी हवी होती.

"तेव्हा," ती म्हणाली. "त्यांना दिसत नाही, बाई. चार वर्षं झाली. दवाखान्यात ते तक्ता पाठ म्हणतात. मी ऐकलंय."

बाईंनी ते लिहून घेतलं.

"ताईचं बरोबर आहे," वकील म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच तिला सहन होईना. "मधलं दिसत नाही. बाटलीकडे बघितलं की बाटलीच जाते, भोवतीचं सगळं राहतं."

"मग सांगितलं का नाहीत?" बाई म्हणाल्या. "नोकरीत असताना डोळे गेलेल्याला दुसरं काम द्यावं लागतं, त्याच पगारावर. तुम्हाला तर कलमं पाठ आहेत म्हणे."

"पाठ आहेत. पण दुसरं काम मिळालेला माणूस मी इथे एकच पाहिला. फाटकाजवळ एक स्टूल दिलं होतं त्याला. काम काही नाही. येणारा-जाणारा म्हणायचा, काय मजा आहे बुवा! सहा महिन्यांत तो आपण होऊन गेला. त्याला कुणी काढलं नव्हतं, बाई."

निकाल पंधरा दिवसांनी आला. वकिलाचं काम वाईट म्हणून त्याला काढता येत नाही, कारण तो आजारी आहे. तक्ता पाठ म्हटल्याबद्दल त्याची एक पगारवाढ रोखावी. त्याला भांडारात बसवावं, पुठ्ठ्याची खोकी उघडायला. सात वर्षांनी रीतसर निवृत्ती.

त्याच संध्याकाळी साहेबाने ताईला बोलावलं. तिचं पत्र दोन ओळींचं होतं. खोटे अहवाल दिल्याची कबुली तिनेच चौकशीत नोंदवली होती. महिन्याचा पगार मिळेल, उद्यापासून यायची गरज नाही.

"मला ताकीद नाही? एकसुद्धा?"

"सुपरवायझरला नसते, ताई."

"मी चार वर्षांपूर्वी बोलले असते तर?"

साहेब टेबलाकडे बघत राहिला. "तर त्यांना तेव्हाच भांडार मिळालं असतं. आणि तुम्ही इथेच असता."

बाहेर वकील भिंतीला हात लावून उभा होता. "मी अर्ज लिहून देतो," तो म्हणाला. "काहीतरी सापडेल. सुपरवायझर म्हणजे नक्की कोण, यावर जुने निकाल आहेत. तू बाटल्याही तपासायचीस ना मधूनमधून? ते दाखवता येईल."

"किती वर्षं लागतात?"

तो खोटं बोलला नाही. "पाच. सहा."

घरी नवऱ्याने दार उघडलं. "वकील गेला?"

"राहिला."

"मग?"

तिने चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या. मुलगी आतल्या खोलीत मोठ्याने पाठ करत होती, शिरेतून औषध देण्यापूर्वी बाटली उजेडात धरून पाहावी, आणि तिला वाटलं, आता हिला सांगायला आत जावं. पण ती तिथेच, दाराशी, भिंतीला टेकून खाली बसली.

सकाळी सवयीने पाचला जाग आली. तिने केस विंचरले, डबा भरला, आणि कंपनीच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली, ड्रायव्हरने दार उघडलं. त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. आतल्या बायकांना कळलं होतं. सरकून त्यांनी तिला खिडकीची जागा दिली.

फाटकाशी सगळ्या उतरल्या. ती बसून राहिली.

"ताई, उतरायचं नाही का?"

"तुम्ही आता परत जाणार ना? दुसरी पाळी आणायला?"

"दुपारी एकला. तोवर गाडी इथेच उभी."

"चालेल," ती म्हणाली. "मी बसते."

ड्रायव्हरने तिच्याकडे एकदा पाहिलं, चावी फिरवली, आणि इंजिन बंद झालं.