साहेबांची खुर्ची

मामी नवी नवरी होऊन त्या घरात आली, त्याच आठवड्यातली गोष्ट. ती आत चहा गाळत होती आणि बाहेरच्या खोलीत मायलेकांची जुंपली होती. सासूबाईंचा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता. त्या लेकाला म्हणत होत्या की कचेरीतल्या कारकुनाच्या पोटदुखीसाठी तू देवाचे पाय धरतोस, शेजारच्या पोराच्या परीक्षेसाठी धरतोस, मग आईच्या गुडघ्यापाशीच तुझं घोडं कुठे पेंड खातं?

"घरचं काम साहेबांकडे न्यायचं नसतं, आई," लेक शांतपणे म्हणाला.

"साहेब कसला, मेल्या? स्वर्गातला बाप आहे तो."

"असेल. पण सलगी वाढली की मान राहत नाही."

आत मामीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. चहा बशीत, ओट्यावर, जिथे वाट मिळेल तिथे गेला. या घरात देवाचीसुद्धा कचेरी आहे आणि आपण तिच्या शिपायाशी लग्न करून बसलोय, हे तिला तेव्हाच कळलं. पण परतीची वाट बंद झाली होती.

नवरा एका मोठ्या कचेरीत शिपाई. सगळी कचेरी त्याला मामा म्हणायची, म्हणून बायको आपोआप मामी झाली. मामांची प्रार्थना ऐकण्यासारखी असे. आधी शर्टाची वरची गुंडी लावायची. मग घसा साफ करायचा. मग उभ्यानेच, "साहेब, खालच्या मजल्यावरच्या बाई आल्यात. त्यांच्या भावाचं ऑपरेशन आहे. जरा बघावं." एवढंच. काम सांगितलं की दोन पावलं मागे. उत्तर आलं का, कधी येणार, हे विचारायचं नाही. शिपायाने फाईल आत ठेवायची असते, तिच्यावर सही झाली का म्हणून डोकावायचं नसतं.

लोकांना हे फार सोयीचं होतं. आपली गाऱ्हाणी मामांच्या गळ्यात घालून मंडळी निवांत झोपायची. सासूबाई मात्र तो गुडघा घेऊनच देवाघरी गेल्या. तिथे पोचल्यावर त्यांनी साहेबांना लेकाबद्दल चार शब्द ऐकवले असणार, असं मामीला अजून वाटतं.

त्यांना एकच मुलगी. शिकली, हुशार निघाली. मामांच्याच कचेरीत जागा निघाली तेव्हा तिने अर्ज केला. बाबांनी एक शब्द टाकावा, एवढंच तिचं म्हणणं. मामा रोज मोठ्या साहेबांपुढे चहा ठेवत आणि तोंड मिटून परत येत. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचे दोन्ही साहेब सारखेच. त्यांच्यापुढे मी कुणाचीच नाही." दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि गेली. आईला फोन करायची. बाबांनी फोन घेतला की तिकडून ठेवला जायचा.

मामा निवृत्त झाले तरी मुलगी आली नाही. मामीचं एकच पालुपद, देवाकडे पोरीचं नाव काढा. मामांचं उत्तरही पाठ झालेलं, की घरचं काम न्यायचं नसतं.

अशात दोघं दर रविवारी जात त्या चर्चमध्ये नवे तरुण पाळकसाहेब आले. त्यांनी बुधवारी संध्याकाळी एक वर्ग काढला, 'प्रभूशी वैयक्तिक नातं'. फळा, रंगीत खडू, चहाबरोबर बिस्किटं. मंडळी लोटली. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी साक्ष दिली की पडद्यांचा रंगसुद्धा त्या प्रभूला विचारून घेतात. चर्चचे खजिनदार डोळे मिटून म्हणाले की प्रभू आणि ते रोज सकाळी फिरायला जातात, खांद्याला खांदा लावून. त्यांचा सख्खा भाऊ दोन बाकं मागे बसला होता. बाप गेल्यापासून दोघांचं बोलणं बंद. प्रभूने इतक्या चालण्यात हा विषय एकदाही काढला नव्हता वाटतं.

शेवटी पाळकसाहेबांनी घरचा अभ्यास दिला. समोर रिकामी खुर्ची ठेवा, प्रभू तिथे बसलाय असं समजा आणि मित्राशी बोलावं तसं बोला.

मामांनी अभ्यास मनावर घेतला. घरातली एकुलती हाताची खुर्ची ओल्या फडक्याने पुसली, पंख्याखाली ओढली, वर उशी ठेवली. शेजारी पाण्याचा ग्लास, त्यावर झाकण. आणि स्वतः गुंडी लावून समोर उभे राहिले. तेव्हापासून त्या खुर्चीत बसायची कुणाची बिशाद नव्हती. मामीचा भाऊ दम लागलेला, जिना चढून आला आणि टेकला, तर मामा हळूच म्हणाले, "उठता का जरा? साहेबांची आहे." भावाने बहिणीकडे असं पाहिलं की डॉक्टर बघायचा का, हे तोंडाने विचारायची गरज राहिली नाही.

एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. ताप होता, एकटीच होती, आणि तरीही बाबांशी बोलायला नको म्हणाली. मामीने फोन ठेवला, उशी बाजूला काढली आणि त्या खुर्चीत बसली. अगदी मांडी ठोकून.

मामा म्हणाले, उठ. मामी उठली नाही.

"मान राहत नाही म्हणता ना? मी तुम्हाला इतकी वर्षं 'अहो' म्हणतेय. म्हणून भांडायची राहिलेय का कधी?"

मामांनी विचार केला. राहिलेली एकही वेळ त्यांना आठवेना. मग त्यांचा हात वरच्या गुंडीकडे गेला आणि ती लावायची सोडून काढून आला. मामीच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत ते बोलले, आणि सूर थेट मामीचा होता, भाजी विसरून आलेल्या नवऱ्याला लावते तो.

"अहो, ऐकलंत का? पोरगी घरी येत नाही. तापाने पडलीय. तुमचं लक्ष असतं तरी कुठे?"

बोलून झालं. सवयीने दोन पावलं मागे सरकले, भिंतीला टेकले आणि थांबले.

"आता काय?" मामीने विचारलं.

"आता वाट बघायची. फाईल आत गेली."

"साहेब कधी स्वतः उठून कुणाला बोलवायला जातात का हो?" मामी म्हणाली. "शिपायालाच पाठवतात ना?"

नियम मामांचाच होता, त्याला पळवाट नव्हती. सकाळच्या पहिल्या गाडीने दोघं निघाली.

त्या प्रवासानंतर मामा कुठे बाहेरगावी गेले नाहीत, छातीच्या दुखण्याने जाऊ दिलं नाही. त्यांची ही शेवटची कामगिरी, म्हणून मामीच्या डोळ्यापुढे ती जशीच्या तशी आहे. मुलीची खोली वरच्या मजल्यावर. मामी गुडघे धरून जिन्याच्या वळणावर बसली, गुडघ्याचं दुखणं आता तिच्याकडे आलं होतं. मामांनी दारावर हलकेच टकटक केली आणि दारासमोर न राहता एका बाजूला, हात मागे बांधून उभे राहिले.

दार उघडलं. मुलगी शाल गुंडाळून, केस विस्कटलेले.

मामांनी घसा साफ केला. "बोलावलंय."

"कुणी?"

"साहेबांनी."

मामा हलले नाहीत. निरोप दिला की उत्तर घेतल्याशिवाय शिपाई हलत नाही. शेवटी मुलगी म्हणाली, "चप्पल घालते."

मग मामा पुढे निघाले, कचेरीत लोकांना आत न्यायचे तसेच, एक पाऊल पुढे, जरा तिरके, माणूस मागे येतोय ना हे वळून वळून बघत.