कोळशाच्या खुणा

शनिवार, दुपारी बारा, गढा मोहल्ल्यातली गल्ली. हजर: नववीच्या अठरा मुली, मी आणि कपडे इस्त्री करणारी एक बाई. ऋतूप्रमाणे दुपारचा सूर्य वर-खाली सरकतो, हे मी वर्गात दोनदा शिकवलं होतं. दोन्ही चाचण्यांत मुली चुकल्या. सोमवारी तिसरी होती.

भिंतीची दुपारची सावली जिथवर येते, तिथं बाईनं फरशीवर कोळशानं खुणा केल्या होत्या. गरम इस्त्री हातात धरूनच ती एकेका खुणेवर पाय ठेवत गेली. "गर्मीत सावली भिंतीला चिकटते, ठंडीत पार नालीपर्यंत जाते. तसा माझा ठेला सरकते. धूपेत काहून उभी राहू, दीदी?"

"मॅडम, ह्या तर तुमच्यापेक्षा लवकर समजावून राहिल्या!" एक मुलगी म्हणाली. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

सोमवारी सतराजणींचं उत्तर बरोबर, अठरावी गैरहजर. आता शाळेच्या अंगणातही तशाच खुणा करायचं ठरलंय. पहिली खूण अजून काढायची राहिली आहे, कारण कोळसा कुणी धरायचा यावर भांडण चालू आहे.