दोनशे बहात्तर मॅचेस

"कोणीतरी हरायला पाहिजे ना रे," असं म्हणून सिस्टर अंबाड्यात खोचलेली पेन्सिल उपसायच्या आणि आमच्या कागदावरचा एखादा आकडा खोडायच्या. खोडताना आमच्या तोंडाकडे बघायच्याही नाहीत. ज्याचा आकडा गेला तो कळवळायचा, आणि त्यांचं ठरलेलं उत्तर, "रडू नकोस, बेरीज बघ."

सिस्टर म्हणजे नॉटिंगहॅमच्या आमच्या हॉस्पिटलातल्या सिस्टर. मिरजेत नर्सिंग करून तरुणपणी इथे आल्या आणि सगळी नोकरी वॉर्डात काढली. शेवटची कितीतरी वर्षं नर्सेसचा रोटा त्याच लावायच्या. कोण दिवसा, कोण रात्री, कोणाला सुट्टी. मी तिथेच फार्मसिस्ट. तुम्ही परदेशातल्या अशा बायका पाहिल्या असतील, तर तुम्हाला वाटेल यांना भजनाची आवड असणार, नाहीतर गेलाबाजार क्रिकेटची. चुकलात. यांना वेड होतं अमेरिकन फुटबॉलचं. हेल्मेटं घालून एकमेकांच्या अंगावर धावून जातात ना, तेच. आणि त्यातही मॅचपेक्षा जास्त वेड होतं सीझन सुरू व्हायच्या आधी तो कसा जाणार हे सांगण्याचं.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. कँटीनमध्ये त्या एक मोठा कागद पसरून बसल्या होत्या. डावीकडे नावांची रांग, वर अठरा आठवडे, चौकोनाचौकोनात खुणा. मला वाटलं रोटा. मी शहाणपणा करायला गेलो, "सिस्टर, याला रविवारी आणि लगेच गुरुवारी ड्युटी लावलीये, चालतं का?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "चालत नाही. म्हणून तो संघ गुरुवारी हरणार. बस."

मी बसलो, आणि आजपर्यंत उठलेलो नाही.

हे वेड लागलं कसं तेही सांगायच्या. मुलगा तान्हा असताना रविवारी संध्याकाळी टीव्हीवर हा खेळ दाखवायचे. पोर झोपायचं नाही आणि खेळ संपायचा नाही. "दोघांचंही रडणं ऐकत ऐकत शिकले," म्हणायच्या. मुलगा सहा वर्षांचा झाला तेव्हा त्याला बेरीज शिकवली ती याच कागदावर. नवरा लवकर गेला. मग घरात दोघंच, आणि ऑगस्ट आला की जेवणाच्या टेबलावर तो कागद.

पुढे रिटायर झाल्या आणि आम्हाला घरी बोलवायला लागल्या. ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्टीला, दुपारी त्यांच्या फ्रंट रूममध्ये आम्ही सहा-सात जण जमायचो. शेजारचा टेरी, मी, आमच्या हॉस्पिटलातला फिजिओ नील, वॉर्डातल्या दोघीतिघी. त्या दिवशी दडपे पोहे आणि चहा, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक कागद. संघ बत्तीस, प्रत्येकाच्या मॅचेस सतरा. कोण किती जिंकणार ते लिहायचं, खाली सही करायची.

आता यातली गंमत बघा. एका मॅचमध्ये दोन संघ, त्यातला एकच जिंकणार. म्हणजे सगळ्यांचे विजय मिळून बरोबर दोनशे बहात्तरच व्हायला पाहिजेत. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. ऑगस्टमध्ये माणसाचं मन फार मोठं झालेलं असतं. याचा नवा कोच चांगला आहे, दे दहा. त्याचा गुडघा बरा झालाय, दे अकरा. माझ्या पहिल्या कागदाची बेरीज तीनशे एक आली होती.

"एकोणतीस मॅचेस कुठून आणल्यास?" सिस्टरनी विचारलं. "नागपूरहून?"

मी आपला सगळ्यांचं भलं चिंतून बसलो होतो. त्यांनी पेन्सिल काढली आणि माझ्याच लाडक्या संघाचे बारा विजय पाचावर आणले. नागपूरचा माणूस मी, नारिंगी जर्सी बघून संघ निवडलेला. मी खूप भांडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे बघ, मी कित्येक वर्षं रोटा लावलाय. ख्रिसमसची सुट्टी सगळ्यांना पाहिजे असते. सगळ्यांना दिली तर वॉर्डात कोण राहणार? तुझ्या संघाने यंदा ख्रिसमसला काम करावं." माझ्या संघाने त्या वर्षी चारच जिंकल्या. मला आजही राग येतो, पण सिस्टरांचा नाही.

त्यांची सगळी भाकितं अशीच. टीव्हीवरचे पंडित कोणाचा हात कसा, कोणाचा वेग किती ते सांगायचे. सिस्टर बघायच्या कोणाला विश्रांती किती मिळते, कोणाला लांबचा प्रवास लागोपाठ पडलाय. "दमलेलं माणूस चुकतं," एवढंच त्यांचं शास्त्र. आणि आमच्या सगळ्यांपेक्षा त्यांचेच आकडे दर वर्षी खऱ्याच्या जवळ जायचे.

त्यांचा एक नियम मात्र फार कडक होता. कोणाची बेरीज चुकली तर त्याच्या माघारी कागदाला हात लावायचा नाही. समोर असला तर समोर, लांब असला तर फोन करून त्यालाच विचारायचं, कुठला आकडा बदलू. ईमेल चालणार नाही. "कोणाची शिफ्ट त्याच्याशी बोलल्याशिवाय बदलायची नसते," म्हणायच्या.

एक कागद अमेरिकेहून यायचा. मुलाचा. तो तिकडे इंजिनियर. कागदावर बत्तीस आकडे, बेरीज, सही. बाकी एक अक्षर नाही. मला वाटायचं, इंजिनियर माणूस, कमी बोलत असेल. एकदा कपबशा विसळताना सिस्टरांनीच सांगितलं. मुलाचा डिव्होर्स झाला होता. त्याने ते सांगायला फोन केला, आणि या पटकन बोलून गेल्या, "तूच काहीतरी केलं असशील." त्याने फोन ठेवला. त्यानंतर चार वर्षं आवाज नाही. फक्त ऑगस्टमध्ये हा कागद.

"मग तुम्ही करा ना फोन," मी म्हटलं. सांगायला काय जातं आपल्याला.

"दोनदा केला. नाही उचलला त्याने. आता परत केला आणि चिडून कागदही बंद केला तर?" त्यांनी नळ बंद केला. "आत्ता निदान दर वर्षी कळतंय की बरा आहे. त्याचे सहा आणि नऊ अजून तसेच येतात, शेपूट लांब."

मी फडकं घेऊन कपबशा पुसायला लागलो.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही जमलो. मुलाचा कागद आधीच आला होता, पण त्यांनी तो बाहेर काढला नाही. पोहे झाले, चहा झाला. टेरी दोनदा म्हणाला की अमेरिकेचा कागद बघू या. "नंतर," सिस्टर म्हणाल्या. त्या दिवशी नीलची बेरीज दोनशे नव्वद होती, तरी त्याला काही बोलल्या नाहीत. तेव्हाच मला शंका आली. बाकीचे गेल्यावर मी आणि नील खुर्च्या लावायला थांबलो. स्वयंपाकघरात गेलो तर सिस्टर ओट्यापाशी उभ्या, समोर मुलाचा कागद आणि हातात रबर.

"काय करताय?"

"काही नाही. एक जास्त आलाय. दोनशे त्र्याहत्तर. मी करते नीट."

"सिस्टर, नियम तुमचाच आहे."

"माझा आहे म्हणून मीच मोडते. तुला काय करायचंय?"

मला राग आला. का ते सांगतो. इतक्या वर्षांत मी माझ्या नारिंगी संघाचे किती विजय या बाईंच्या पेन्सिलीखाली गमावले, आणि आज स्वतःवर वेळ आली तर रबर? मी सरळ त्यांच्या हातातून रबर काढून घेतलं. वयाने एवढ्या मोठ्या बाईंशी मी असं कधी वागलो नव्हतो.

"फोन करा," मी म्हटलं. "नियमाप्रमाणे. बेरीज चुकली म्हणून. बाकी काही बोलू नका हवं तर."

नील दारात उभा होता. त्याचे आजोबा साताऱ्याचे, पण तो इथेच जन्मलेला. मराठी मनापासून बोलतो, व्याकरण जमेल तसं. "आंटी," तो म्हणाला, "हा बेरीज त्याला कधी चुकला होता का? बिफोर?"

"कधीच नाही. सहा वर्षांचा असल्यापासून नाही." मग त्या थांबल्या. कागद परत उचलून पाहिला. "कधीच नाही चुकला तो."

"देन ही डिड इट ऑन पर्पज," नील म्हणाला. "त्याला रूल माहिती आहे ना."

सिस्टर खाली बसल्या. वॉर्डात जिने भल्याभल्या डॉक्टरांना गप्प केलं, त्या बाईचा चेहरा एवढासा झाला होता. मला वाटलं आता रडणार. रडल्या नाहीत. पदर सारखा केला, व्हिडिओ कॉल असल्यासारखा, आणि साधा फोन लावला. तिकडे सकाळ होती. आम्हाला फक्त यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"हॅलो... मी बोलतेय... बेरीज चुकलीये तुझी." त्यांनी कागदावरच्या बेरजेवर बोट ठेवलं. "एक जास्त आहे... हो... कोणाचा कमी करू सांग... हो रे... हो." मग आवाज बदलला. "नाश्ता केलास का?"

नीलने माझी बाही ओढली आणि आम्ही बाहेरच्या खोलीत आलो. पाऊण तास बसलो. टेरीने ठेवलेला अर्धा केक संपवला. दार उघडलं तेव्हा सिस्टरांचे डोळे लाल होते आणि मुलाच्या कागदावर बेरीज दोनशे बहात्तर होती.

"मुद्दामच केलं म्हणाला," त्या म्हणाल्या. "मी फोन करावा म्हणून. स्वतः करायची हिंमत होत नव्हती गाढवाची." मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "मी माफी मागितली त्याची. त्याचं ऐकून न घेताच बोलले होते मी. आज सगळं ऐकलं." मला इतका आनंद झाला की मी त्यांना नमस्कार केला. का केला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "ऊठ, नाटकं करू नकोस."

त्यानंतर दर रविवारी फोन. मग मुलाने तिकीट पाठवलं, आणि यंदाच्या उन्हाळ्यात सिस्टर सहा महिन्यांसाठी अमेरिकेला गेल्या. ऑगस्टला आम्ही माझ्या घरी जमलो. पोहे मी केले, ते कोरडे झाले. भांडणं झाली, पण मजा येईना, कारण निकाल देणारं कोणी नव्हतं. मी माझ्या संघाला अकरा विजय दिले आहेत. हसू नका, यंदा नवा कोच आहे.

सीझनच्या पहिल्या रविवारी, इथे नॉटिंगहॅमला चार-साडेचार वाजले असतील, सिस्टरांचा व्हिडिओ कॉल आला. स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये माणसं गाड्यांच्या मागे शेगड्या पेटवून खातपीत होती, आणि त्यात या, मुलाची ढगळ जर्सी साडीवर चढवून, थालीपीठ लावत होत्या. दोन धिप्पाड अमेरिकन हातात कागदी प्लेट घेऊन रांगेत उभे. आम्ही तिघं, मी, नील आणि टेरी, माझ्या सोफ्यावर फोनला डोकी लावून बसलो होतो.

"सिस्टर, आज कोण जिंकणार?" मी विचारलं.

"थांब हं, हा बोलावतोय," त्या म्हणाल्या. मान वळवून म्हणाल्या, "आले रे," आणि घाईत फोन बंद न करताच पिशवीत टाकला. स्क्रीन काळी झाली. नुसते आवाज यायला लागले. गर्दी, कुठेतरी वाजणारा बँड, आणि अगदी जवळ एका पुरुषाचा आवाज, "आई, हात धर माझा, इथे पायऱ्या आहेत."

नीलने व्हॉल्यूम वाढवला. आम्हा तिघांपैकी कोणीही फोन कट केला नाही.