भूकंपाच्या ऑफिसातली आक्का

जगाच्या पाठीवर कुठंही जमीन हलली, वादळ आलं किंवा धरण फुटलं, तर ते निस्तरायची जबाबदारी शेवटी निपाणीतल्या एकाच बाईवर येऊन पडते, असं माझं ठाम मत आहे. ती बाई माझ्या बायकोची थोरली बहीण निघावी, हा योगायोग मात्र लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मला पुरता पचलेला नाही.

तिला आम्ही सगळेच आक्का म्हणतो. देशोदेशीच्या आपद्ग्रस्तांना मदत पाठवणाऱ्या एका मोठ्या संस्थेत ती नोकरीला होती. संस्थेची माणसं तंबू, औषधं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या घेऊन कुठल्या कुठल्या मुलुखात जात आणि तिथं त्यांचे फोटो निघत. त्या फोटोतल्या माणसाला विमान कुणी गाठून दिलं, तंबू बंदरातून कुणी सोडवले, ट्रक कुणी ठरवला आणि तो पोचला की नाही हे कुणी विचारलं, तर आक्कानं. तेही निपाणीतल्या घराच्या माडीवर, चटईवर मांडी घालून, शेजारी भाजलेल्या शेंगांची वाटी ठेवून. हे काम नेमकं काय, ते गल्लीत कुणालाच कळलं नाही. शेजाऱ्यांना वाटे, ती विमानाची तिकिटं काढून देते. माझ्या सासूबाई, म्हणजे तिची आई, विचारणाऱ्याला सरळ सांगून टाकायच्या, "थोरली व्हय? ती भूकंपाच्या ऑफिसात हाय." ऐकणारा मान डोलवायचा, जणू तालुक्याच्या गावी भूकंपाचं एक ऑफिस असतंच.

सासूबाईंचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. तिथल्या उग्र खाटानं खोकत खोकत त्यांनी तीन पोरं शिकवली. आक्का बी.कॉम. झाली आणि राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे, हायवेवरच्या एका ट्रान्सपोर्ट कचेरीत कामाला लागली. नाक्यावर अडकलेले ट्रक सोडवायचे, हे तिचं काम. अलीकडच्या पोलिसाशी कन्नडात, पलीकडच्याशी मराठीत आणि ड्रायव्हरशी हिंदीत बोलत ती दिवसभर उन्हात उभी असायची. एकदा पूरग्रस्तांसाठी निघालेले या संस्थेचे चार ट्रक कागदाच्या कुठल्याशा चुकीनं तिथं अडकले. संस्थेचा साहेब दोन दिवस फोन करून थकला होता. आक्कानं ते तासाभरात सोडवले, वर ड्रायव्हरांना जेवू घालून पाठवलं. साहेबानं महिन्याभरात तिला नोकरीवर बोलावलं.

माणसं ऑफिस घरी आणतात. आक्कानं घरच ऑफिसात नेलं. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा घरच्यांनी माझं शिक्षण, शाळेतली नोकरी, आईवडील असं रीतसर विचारलं. आक्का कोपऱ्यात बसली होती. सगळ्यांचं झाल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला, की तुमच्या घरातून बाहेर पडायला वाटा किती? मी म्हटलं, एक दार. तिचा चेहरा पडला. मग मला परसातलं दार आठवलं, ते सांगितलं, आणि माझं लग्न जमलं. बायको अजून म्हणते, मागचं दार नसतं तर मी सुटले असते.

तिच्याशी फोनवर बोलणं ही एक परीक्षाच. तुम्ही काय ऐकलं, ते तिला परत म्हणून दाखवावं लागतं. रविवारी जेवायला या, एवढं सांगायला मी फोन केला, तर किती जण, किती वाजता, रस्ता बंद असला तर कुठून, हे सगळं तिनं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "आता काय ठरलं, ते तुमी सांगा, पावणं." मी माझ्याच घरच्या जेवणाचा तपशील आमंत्रित बाईला पाठ म्हणून दाखवला. सासऱ्यांना बिनसाखरेचा चहा हवा असला, तर ते आधी "बिनसाखरेचा, एक कप, आत्ता" असं म्हणत आणि आक्का आतून तेच परत म्हणेपर्यंत पेपर उघडत नसत. त्या घरात चहा कधी चुकला नाही, एवढं मात्र खरं.

दुसरी सवय वजनाची. नव्या नवरीकडं बघून बायका रंग बघतात, दागिने बघतात. आक्का शालूचं वजन सांगते. आमच्या घरी नवं कपाट आलं, तेव्हा ते दिसतं कसं याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. तंबू घातले तर यात किती मावतील, ते तिनं सांगितलं. तिच्या आणि आमच्या घड्याळाचा तर संबंधच तुटलेला होता. जिथं संकट, तिथली वेळ तिच्या अंगात. भर दुपारी तीनला ती जिन्यावरून उतरून आम्हाला "निजा आता" म्हणायची आणि तिन्हीसांजेला दिवा लावताना "उठलासा व्हय?" असं विचारायची. एवढं करून ती स्वतः कधी विमानात बसलेली नव्हती. सगळं जग तिनं हलवलं, पण बेळगावच्या पलीकडं जायची वेळ आली की तिला एस.टी. लागते आणि ती पिशवीत लिंबू घेऊन बसते.

आणि तिसरी सवय, प्रत्येक गोष्टीची जोडी तयार ठेवणं. दोन रस्ते, दोन गाड्या, दोन माणसं. धाकट्या मेव्हण्याचं लग्न बेळगावला ठरलं, तेव्हा वऱ्हाडाच्या एका बसच्या मागं तिनं एक रिकामी बस आणली. मी म्हटलं, आक्का, एवढा कशाला घोर? तर गंभीरपणानं म्हणाली, "आमच्यात देवावर सोडायची सोय न्हाय, पावणं. म्हणून दुसरी गाडी सांगून ठिवली."

त्याच लग्नात जे घडलं, ते सांगण्यासाठी हे सगळं सांगत बसलो.

त्या आठवड्यात लांबच्या महासागरातल्या एका बेटावर वादळ झालं होतं. आक्कानं रजा घेतली होती, पण तिची रजा म्हणजे फोन पदराखाली ठेवणं. त्या बेटावर तिचा एक ट्रक ड्रायव्हर होता, साठी उलटलेला. त्याचं नाव तिच्या जिभेवर बसेना, म्हणून ती त्याला मामा म्हणायची. त्याच्या भाषेत मामा म्हणजे आई, हे त्यानं तिला तीन वर्षांनी सांगितलं; तोवर तो निमूटपणे ओ देत होता. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. दर दोन तासांनी त्यानं वायरलेसवरून कुठं पोचलो ते सांगायचं आणि ते आक्काला कळायचं, एवढंच नातं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड संकेश्वरला पोचलं, हत्तरगीला पोचलं, काकतीला पोचलं, आणि प्रत्येक ठिकाणाहून रिकाम्या बसच्या ड्रायव्हरनं पुढच्या बसमधल्या आक्काला फोन करून ते कळवलं. हॉलवर आम्ही साडेदहाला उतरलो. अकराच्या सुमारास मी बघितलं, तर आक्काचा चेहरा उतरलेला. मामाचे दोन निरोप चुकले होते. पाण्याच्या गोळ्या आणि औषधं भरलेला ट्रक घेऊन तो सकाळी निघाला होता आणि नंतर त्याचा पत्ता नव्हता. तिथं दिवस मावळायला आला होता. वरच्या साहेबांचं म्हणणं पडलं, अंधारात शोध घेता येणार नाही, उजाडेपर्यंत थांबू.

आक्का हॉलच्या मागं भाजी ठेवायच्या खोलीत शिरली आणि कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी खोक्यावर बसली. तिच्याकडं एक जाडजूड वही असायची. जगातल्या ज्या ज्या रस्त्यावरून तिचा ट्रक गेला, त्या रस्त्यावरची दुकानं, पंप, चर्च, होडीचे धक्के, असे फोन नंबर तीत लिहिलेले. हे शास्त्र कोगनोळीचं. ती म्हणायची, "ऑफिसला विचारलं तर ऑफिस कळतंय. च्यावाल्याला विचारलं तर रस्ता कळतोय." मी शेजारी उभा राहून एकेक नंबर वाचत होतो आणि ती लावत होती. बरेचसे लागतच नव्हते. वादळानं खांब पडले होते.

बाहेर स्पीकरवर गाणी सुरू होती. भंतेजी आले होते. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, तरी जेवणाचा मुहूर्त प्रत्येक लग्नात असतोच आणि तो टळत चालला होता. आक्काला बोलावणं आलं, पुन्हा आलं. नवऱ्या मुलाची थोरली बहीण जागेवर नाही, म्हणून पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. शेवटी सासूबाई स्वतः आल्या. मुलीच्या या नोकरीवर त्यांचा तसा राग होता; कुठल्या मुलुखातली माणसं, आणि ही इथं जेवणावरून उठते, अशी त्यांची तक्रार असायची. आता भडका उडणार, म्हणून मी अंग चोरलं.

त्याच वेळी एक नंबर लागला. होडीच्या धक्क्यावरच्या कुठल्याशा दुकानातली बाई होती. पण गाण्याच्या आवाजात आक्काला तिचं काहीच ऐकू येईना. एका कानात बोट घालून ती परत परत विचारत होती. 

सासूबाईंनी मला विचारलं, काय झालंय? मी सांगितलं.  त्या तरातरा हॉलमध्ये गेल्या आणि खोकला आवरत, वखारीतल्या गोंगाटावर कमावलेल्या आवाजात म्हणाल्या, "गाणी बंद करा. एक माणूस हरवलंय."

चारशे माणसांचा हॉल चिडीचूप झाला. कुणाचं माणूस, कुठलं, काही कुणाला ठाऊक नव्हतं. नवरदेव स्टेजवरून म्हणाला, आक्का आल्याशिवाय पुढं काही करायचं नाही. आचाऱ्यानं झारा खाली ठेवला. लहान पोरांच्या तोंडावर आयांनी हात धरले. आणि त्या शांततेत, भाजीच्या खोलीतून, आक्काचं निपाणी वळणाचं इंग्रजी सगळ्या हॉलला ऐकू येऊ लागलं.

दुकानातल्या बाईनं ट्रक शाळेच्या टेकडीकडं वळताना पाहिला होता. तिनं आपल्या भावाला मोटरसायकलवर धाडलं. मग वाट बघणं. पाऊण तास कुणी जागचं हललं नाही. म्हणजे हलले असतील, पण मला तसं आठवतं. मग त्या भावाचा फोन आला. पूल वाहून गेला होता, वायरलेस भिजून बंद पडला होता. म्हाताऱ्यानं ट्रक टेकडीवर चढवला होता आणि वर अडकलेल्या पन्नाससाठ माणसांना गोळ्यांची खोकी फोडून पाणी करून देत होता. सील न विचारता तोडलं, याची तो फोनवर माफी मागत होता. आक्का त्याला म्हणाली, मामा, सगळी खोकी फोड.

ती बाहेर आली, तेव्हा पदराला कोथिंबिरीच्या काड्या चिकटलेल्या होत्या. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"गावलं?"

"गावलं."

"जेवलाय का त्यो?"

आक्कानं नाही म्हणून मान हलवली, आणि मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरीकडच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी, वाचलेला माणूस नवरदेवाचा मामा आहे असं समजून, मला घट्ट मिठी मारली. मी ती घेतली. त्या दिवसानंतर सासूबाई सकाळच्या चहाबरोबर न चुकता विचारत, "आज कोण अडकलंय गं?"

गेल्या वर्षी संस्थेचे पैसे आटले. देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला, असं आक्कानं सांगितलं. कुणाला दोष देत नव्हती. पत्र आलं, त्यात आभार होते आणि शेवटची तारीख होती. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून लॅपटॉपवर निरोपाची बैठक घेतली. मी शाळेतून परस्पर माडीवर गेलो होतो. इतकी वर्षं तिनं आपला कॅमेरा कधी चालू केला नव्हता, त्या दिवशी सगळ्यांनी आग्रह केला. पडद्यावर पंचवीसेक चौकोन होते, नाना रंगांची माणसं. आक्कानं केस सारखे केले, कॅमेरा लावला. सगळ्यांनी हात हलवले. मग एका चौकोनातला पांढऱ्या केसांचा, दात पडलेला म्हातारा हळूच काहीतरी म्हणाला. तो मामा, हे आक्कानं आवाजावरून ओळखलं. तिच्या खिडकीतून काय दिसतं, ते त्याला बघायचं होतं.

आक्का लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेली. मी मागोमाग गेलो. ऊन कलतं होतं. तिनं तो दोन्ही हातांनी उंच धरला. उसाच्या पलीकडं हायवे दिसत होता आणि त्यावरून एकामागून एक ट्रक कोगनोळीकडं चालले होते. म्हातारा पडद्याजवळ सरकला. मग दोनच शब्द बोलला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"रस्ता चांगला हाय म्हणतोय," आक्का म्हणाली.

बैठकीची वेळ संपली होती. एकेक चौकोन विझत गेला. शेवटचा उरलेला मामा तसाच रस्त्याकडं बघत होता. आक्काचे हात अवघडले असणार, पण तिनं लॅपटॉप खाली घेतला नाही.